टाकी खाली आहे!

"डुबुक!"

पाइपाच्या तोंडाला कान लावून बसलेली तारा दचकून उठली. "जयाताई, माझी गोटी बुडाली!"

"बुडाली काय? पडली म्हण!" जया म्हणाली. "टाकी रिकामी आहे. भिंतीवर लिहिलंय की!"

"मग डुबुक कसं वाजलं?"

कडुनिंबामागच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात तीन शब्द होते: 'जुनी टाकी खाली'. रंग उडाला होता, पण अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. जयाने पायाजवळचा खडा उचलून पाइपात टाकला. पुन्हा तेच. डुबुक!

सुट्टीला नरखेडहून आलेल्या मुकुंदने हातातली संत्र्याची गोळी तोंडात टाकली. "काय वं, रिकाम्या भांड्यात खडा टाकला तर टण वाजते. आमच्या नरखेडले तरी तसंच वाजते!"

सन १९७६चा मे महिना होता. नागपूरच्या कामठी रोडवर गोपाळरावांच्या पेट्रोल पंपाचं नूतनीकरण चाललं होतं. दांडा फिरवून पेट्रोल काढायचे जुने पंप जाऊन विजेवर चालणारे येणार होते. जमिनीत पुरलेल्या तीन जुन्या टाक्या काढून त्या जागी नव्या बसायच्या होत्या. दोन निघाल्या होत्या. तिसरी कडुनिंबाखाली होती आणि तिच्याभोवती माणूसभर खोल खड्डा खणून तयार होता. जेवणानंतर त्या टाकीचा गंजलेला पाइप गॅसच्या ज्योतीने कापायचा होता. खड्ड्यात उतरून तो पाइप धरून ठेवायचं काम जयाच्या बाबांवर, आनंदरावांवर आलं होतं. ते या पंपावर आठ वर्षं नोकरीला होते.

जया सरळ कंत्राटदाराच्या मिस्त्रीकडे गेली. कृष्णकांत मिस्त्री जबलपूरचा. त्याच्या कानामागे कायम बिडी खोचलेली असायची आणि कपाळावर कायम आठी.

"मिस्त्रीकाका, त्या टाकीत काहीतरी आहे!"

"अरे, टंकी खाली है! दीवार पे साफ लिखा है. पढना नहीं आता?"

"पण डुबुक वाजलं!"

"पानी होगा. पानी हो तो और अच्छा. चल हट!"

"पण पेट्रोल असेल तर? एकदा बघून तरी..."

मिस्त्रीने लोखंडी सळई उचलली. "इधर फिर दिखी तो टांग तोड दूंगा!"

सावलीत खुर्ची टाकून बसलेले गोपाळराव तिथूनच ओरडले, "आनंदराव! ही पोरं आवर! चार वाजता कंपनीचे इंजिनिअर येणार आहेत. तोवर पाइप निघाला नाही, तर तुझा हिशेब आजच करतो!"

आनंदरावांनी मान खाली घातली. "जया, घरी जा बेटा."

जया गेली नाही. ती भिंतीकडे बघत राहिली. मिस्त्री म्हणाला, टंकी खाली है. भिंतीवर लिहिलं होतं, टाकी खाली. नागपुरात कोणी 'डबा खाली झाला' म्हणालं, तर डबा रिकामा झाला. कोणी 'डबा खाली ठेव' म्हणालं, तर...

"मुकुंद!" तिने त्याचं मनगट धरलं. "लिहिणाऱ्याला 'खाली' म्हणजे रिकामी म्हणायचं होतं, की जमिनीखाली?"

मुकुंदची गोळी तोंडातच थांबली. "बापरे! लिवलं कोणी?"

"धोंडबाआजोबांनी. बाबांच्या आधी तेच होते. आता कामठीला राहतात."

"जाऊन येईस्तोवर तुझा बाप खड्ड्यात उतरला राहील ना!"

"म्हणूनच त्यांचं काम थांबवायला हवं."

गॅसच्या सिलिंडरवर एक चावी असायची. ती फिरवल्याशिवाय गॅस सुटत नसे. काय करायचं ते जयाने दोन वाक्यांत सांगितलं. तारा मिस्त्रीसमोर जाऊन दोन्ही कानांवर हात ठेवून नाचू लागली. "मिस्त्री चिडला! मिस्त्री चिडला!" सळई घेऊन मिस्त्री तिच्यामागे धावला आणि मुकुंदने शांतपणे सिलिंडरवरची चावी काढून खिशात टाकली.

कामठीची बस खचाखच भरलेली होती. धोंडबांच्या गल्लीत घरोघरी यंत्रमाग चालत होते आणि त्यांच्या खटखटीत स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. त्यात धोंडबांना कमी ऐकू येई.

"आजोबा, टाकी रिकामी आहे का?" जया ओरडली.

"काकी? काकी गेली बाजारात!"

"टाकी! पंपावरची! तुम्ही भिंतीवर लिहिलं ना, जुनी टाकी खाली?"

"हो, म्याच लिवलं!" धोंडबा खूश झाले. "टरकवाले तिथंच गाड्या लावून राहायचे. टाकी दबून फुटली असती. म्हून लिवलं, खाली टाकी हाय, गाडी नोको लावू!"

"म्हणजे रिकामी नाही?"

"रिकामी कायले राहील वं? पासष्टच्या लढाईत भरून ठेवली होती. मग पंपाकडे जाणारी नळी फुटली. पेट्रोल वर येईचना. मालक म्हणाले, पाहू नंतर. आता अकरा वर्षं झाली, पाहूनच राहिले!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुकुंदने काय चाललं आहे ते धोंडबांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. म्हाताऱ्याच्या तोंडाचं बोळकं उघडंच राहिलं. मग तो उठून अंगणात गेला. तिथे कपडे वाळत घालायला एक लांब पितळी कांडी आडवी बांधलेली होती. तिच्यावरचं ओलं लुगडं त्याने बाजूला फेकलं.

"ही घेऊन जा. त्याच टाकीची माप घ्यायची कांडी. टाकी बंद पडली तवा घरी आणली. तुमचं कोणी ऐकनार नाई. हिचं ऐकतीन!"

परतीच्या बसमध्ये कंडक्टर अडून बसला. "ही काठी कोणाच्या डोळ्यात गेली म्हणजे? उतरा!"

"काका, माझे बाबा खड्ड्यात उतरणार आहेत," जया म्हणाली. तिने कांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. कंडक्टरने तिच्याकडे एकदा पाहिलं, कांडी स्वतःच्या हाताने सीटखाली सरकवली आणि घंटीची दोरी ओढली.

इंदोऱ्याच्या चौकातून ते पळत पंपावर पोहोचले. ऊन कडक होतं, डांबर मऊ पडलं होतं. मिस्त्री आनंदरावांची कॉलर धरून उभा होता.

"तेरे बच्चों ने चावी चुराई! चोर का खानदान!"

"दुसरी चावी मागवली म्हणून निभावलं," गोपाळराव म्हणाले. "आनंदराव, पाइप कापून झाला की तू निघ. उद्या येऊ नको."

आनंदराव खड्ड्यात उतरले. त्यांनी दोन्ही हातांनी पाइप धरला. मिस्त्रीने नवी चावी सिलिंडरवर बसवली.

"थांबा!"

जयाने खड्ड्याच्या काठावरून पाइपाच्या तोंडाशी कांडी नेली. मुकुंद पळत जाऊन सिलिंडरला मिठी मारून बसला. मिस्त्रीने त्याला बखोट धरून ओढलं. तारा मिस्त्रीच्या हाताला चावली.

"अरे मर गया! मालिक, पकडो इनको!"

"जया!" खालून आनंदराव ओरडले. "काहून आली तू?"

"बाबा, टाकी भरलेली आहे! धोंडबाआजोबांनी सांगितलं!"

आनंदरावांनी तिच्या हातातली कांडी पाहिली. आठ वर्षं रोज सकाळी त्यांनी टाक्यांमध्ये अशाच कांड्या सोडल्या होत्या. ते झपकन वर आले आणि जया व मिस्त्री यांच्यामध्ये उभे राहिले.

"मिस्त्री, एक पाऊल पुढं येऊ नका. पोरीले माप घेऊ द्या."

"तुझी नोकरी गेली आहे!" गोपाळराव किंचाळले.

"गेलीच आहे ना, साहेब? मग आता मले भ्यायचं कारण नाई."

जयाने बाबांना रोज पाहिलं होतं. कांडी सरळ सोडायची. तळाला टेकली की थांबायचं. मग सरळ वर. तिने तसंच केलं. पितळेवर छातीइतक्या उंचीपर्यंत ओली चमक होती. उन्हात ती भराभर उडाली, जणू कोणी पुसून घेतली. पाण्याला इतकी घाई नसते. कांडीचं टोक तिने मिस्त्रीच्या नाकाशी धरलं.

मिस्त्रीने वास घेतला. त्याचा हात आपोआप कानामागच्या बिडीकडे गेला. त्याने ती बिडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि मुठीत चुरगाळून टाकली.

"पेट्रोल," तो एवढंच म्हणाला आणि त्याने सिलिंडरवरची नवी चावी काढून घेतली.

चार वाजता शरच्चंद्र इंजिनिअर आले. त्यांनी स्वतः कांडी सोडली, आकडा वाचला आणि चष्मा पुसला. मग ते अजिबात आवाज न चढवता बोलले. आवाज चढवला असता तर बरं, असं गोपाळरावांना वाटलं असावं.

"मिस्त्री, माझ्या सूचनांच्या कागदावर पहिली ओळ कोणती आहे?"

मिस्त्री डोकं खाजवू लागला.

"टाकी कापण्याआधी उपसायची आणि काठोकाठ पाण्याने भरायची. रिकामी टाकीसुद्धा! आत वाफ उरते आणि वाफ पेट्रोलपेक्षा लवकर पेटते. पाणी का नाही भरलं?"

"साहब, टँकर को देर लगती..."

"आणि गोपाळराव, आपल्या टाकीत काय आहे हे मालकाला ठाऊक नसावं? तीन मुलांना कामठीला जावं लागावं? आनंदरावांची नोकरी राहील, हे मी धरून चालतो. नाहीतर या कामाचा अहवाल मी वेगळा लिहीन."

गोपाळराव घाम पुसत म्हणाले, "राहील, राहील! शाब्बास हो पोरांनो!" त्या शाब्बासकीत फारसा जीव नव्हता. पण नंतर ते उठून आनंदरावांपाशी गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "चुकलं माझं."

इंजिनिअरांनी जयासमोर हात पुढे केला, मोठ्या माणसापुढे करतात तसा. "माप बरोबर घेतलंस. माझी माणसं इतकं सरळ घेत नाहीत."

मुकुंदने खिशातून जुनी चावी काढून मिस्त्रीसमोर धरली. "हे घ्या. आणि तारा चावली त्याबद्दल माफी."

"मी नाही मागत माफी," तारा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पेट्रोल उपसून, पाणी भरून, पुन्हा पाणी काढून ती टाकी क्रेनने उचलली आणि कडुनिंबाच्या सावलीत ठेवली. बघायला कामठीहून धोंडबाही आले होते. आनंदरावांनी ताराला उचलून धरलं. तिने टाकीच्या तोंडातून नवी गोटी सोडली.

"टण!"

"झाली वं, झाली!" मुकुंदने उडी मारली. "आता टाकी खाली झाली!"

"काय?" धोंडबांनी कानाला हात लावला. "खाली? डोळे फुटले काय गा तुझे? आत्ता तर वर आली!"