शेकलेली ज्वारी

धान्य हुंगणारं सरकारी नाक वेशीत शिरलं, की हिवरगावच्या बायका दारात येऊन एकमेकींना मोठ्यानं विचारायच्या, ‘काय गं, आज घरात काही आहे का शिजवायला?’ आणि दुसरीनं तितक्याच मोठ्यानं सांगायचं, ‘कुठलं गं बाई!’ धुळीचं हे तिसरं वर्ष होतं. एवढं नाटक सगळ्यांना पाठ झालं होतं.

कुठल्याशा लांबच्या समुद्रात एक डोंगर फुटला होता. त्याची राख वर जाऊन बसली ती खाली यायचं नाव घेईना. सूर्य न घासलेल्या पितळीसारखा दिसायचा. ज्वारी कमरेएवढी वाढायची, कणसात दाणा भरायचा नाही. म्हणून सरकारनं कायदा केला, समान घासाचा. घरात पंधरा दिवसांचं धान्य ठेवायचं, बाकीचं तालुक्याच्या गोदामात. तिथून सगळ्यांना सारखं मिळेल. कायद्यात खोट नव्हती. पण आपल्या कणगीतला घास कुणाच्या तोंडी घालायचा हे दुसऱ्यानं ठरवावं, हे गावातल्या वैजंतामायला पसंत नव्हतं. सासूचंही ठरवणं तिनं दोनच वर्षं चालू दिलं होतं.

लोकांनी धान्य लपवलं. मग नाक आलं. सरकारी भाषेत त्याचं नाव श्वासवेध. पहारीएवढी नळी, टोकाला बारीक जाळी, दुसऱ्या टोकाला पेटी. नळी मातीत खुपसायची, भिंतीला लावायची. जवळ कुठे धान्य असेल तर पेटी सांगायची. गोठ्यामागचं वैजंतामायचं पेव, म्हणजे धान्य पुरायचा खड्डा, त्यानं पाव तासात काढून दिला. चौदा पोती तिच्या डोळ्यांदेखत गाडीत चढली. गाव बघत होतं. पोत्यांपेक्षा तेच तिला जास्त लागलं.

यंत्र जिनं बनवलं ती डॉक्टर केतकी बिराजदार त्या दिवशी स्वतः आली होती.

‘‘डॉक्टरीणबाई,’’ वैजंतामाय म्हणाली, ‘‘वर उकिरडा, खाली दोन हात माती. मेलेल्या दान्याचा वास लागला तरी कसा तुज्या डबड्याला?’’

केतकीला कुणी विचारलं की बरं वाटायचं. ‘‘आजी, दाणा मेलेला नसतो. झोपलेला असतो. आत कोंबाचा ठिपका असतो ना, तो जिवंत असतो. जिवंत म्हणजे श्वास घेणारच. अगदी हळू, एका दाण्याचा कळणारही नाही. पण चौदा पोती एकत्र श्वास सोडतात तेव्हा तो मातीतून झिरपतो. पेवात उतरायच्या आधी तुम्ही दिवा सोडायचात ना?’’

‘‘सोडायचो की. दिवा विझला तर उतरायचं न्हाई. माजा चुलत सासरा उतरला, त्यो वर आलाच न्हाई.’’

‘‘त्या कोंडलेल्या हवेत दाण्यांचा श्वास होता, आजी. तुम्हाला जे दिव्यावरून कळायचं तेच माझं यंत्र ओळखतं, फक्त बारीक.’’

‘‘आन् त्यो श्वास बंद पडतो कशानं?’’

‘‘कोंब मेला की. दाणा चांगला तापला की संपलं. मग खायला तोच, पण यंत्राच्या लेखी खडा.’’

असं म्हणून केतकी पेटीतला आकडा बघायला वळली. वैजंतामायनं पुढे एक शब्द विचारला नाही. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली होती, पण मास्तरनं एकदा सांगितलेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

दुसरं पेव देवघराखाली होतं. यंत्रवाले देवाच्या अदबीनं तिथं शिरले नव्हते. पुढच्या खेपेला अदब टिकेल याची खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच गुळाची काहील चुलवणावर चढली. ज्वारी लाल करायची नाही, फुटूही द्यायची नाही. तळहात टेकवला तर ठेववू नये, इतपतच शेकायची. दाणा मोत्यासारखा पांढराच राहिला आणि मुका झाला.

बियाण्याच्या मडक्याशी सून अडली. शीतल फारसं बोलणारी नव्हती.

‘‘आत्या, येवढं मडकं राहू द्या. राखेत घालून ठेवलंय. दोन पायल्या तर हाय.’’

‘‘दोन पायल्या श्वास घेत न्हाईत व्हय? येका मडक्यापायी अख्खं पेव उघडं पाडशील.’’

‘‘मग पेरायचं काय?’’

‘‘पेरायची येळ आली की सरकार दील. न्हाई दिलं तर गावात शंभर घरं हायती, कुनी ना कुनी ठिवलंच असंल. समद्याच काय माज्यावानी शान्या हायत्या?’’

शीतलनं मडकं आणून दिलं. राख पाखडून निघाली आणि ते बीही काहिलीत पडलं.

पुढच्या महिन्यात नाक देवघरात शिरलं, पेवावर उभं राहिलं आणि गप्प बसलं. वैजंतामायनं यंत्रवाल्यांना चहा पाजला.

शेकलेल्या ज्वारीच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, राहत नाही. भाकरी थापताना कडा फुटतात. तिनं उकळतं पाणी घालून मळायची तोड काढली आणि शेकण्याबरोबर तीही बायांना शिकवली. हिवरगावच्या लेकी जिथं जिथं दिल्या होत्या तिथं तिथं ही विद्या गेली. वर्षभरात आठ तालुक्यांत नाकाला काही सापडेना. ‘सरकारनं यंतर केलं, म्या मंतर केला,’ असं ती ओसरीवर बसून सांगायची.

चौथ्या वर्षी राख खाली बसली. भाद्रपदात ऊन टोचायला लागलं. लहान पोरांना त्यांची सावली दाखवून सांगावं लागलं, हे तूच आहेस. परतीचा पाऊस नेमका पडला आणि काळी जमीन पेरणीजोग्या वाफशाला आली.

त्या आठवड्यात केतकी एकटीच आली. हातात नळी होती, मागे गाडी नव्हती. घरोघर फिरून ती वैजंतामायच्या ओसरीवर टेकली.

‘‘आजी, मला बी हवंय.’’

‘‘सरकारला आमी बी द्यायचं? येवढं मोठं गोदाम हाय की.’’

‘‘गोदामातलं बी दुसऱ्या वर्षीच वाटून खाल्लं. बाकीची राज्यं आपलं दाबून बसलीत. आमची सगळी भिस्त तुमच्यावर होती.’’

‘‘आमच्याकडं तुमी काय ठिवलं?’’

‘‘ठेवलं होतं. यंत्र मीच बोथट ठेवलं होतं, आजी. तीन पायल्यांच्या आतलं धान्य त्यानं पकडायचंच नाही, अशी सोय केली होती. दर घरात बियाचं मडकं राहावं म्हणून.’’



‘‘मग सांगितलं का न्हाईस, बये?’’

‘‘सांगितलं असतं तर तुम्ही सगळं पेव तीन-तीन पायल्यांत वाटून ठेवलं असतं.’’

ठेवलं असतं. त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत.

‘‘मला वाटलं, काही झालं तरी बी कुणी भाजणार नाही,’’ केतकी म्हणाली. ‘‘आज यंत्राला पूर्ण धार लावून आणलंय. मूठभर दाणेही कळतात. अठरा गावं फिरले. एकाही घरात श्वास नाही.’’

वैजंतामायला ते पटेना. एवढ्या दाण्यांत चार तरी चिवट निघतील. तिनं शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवले. गावात प्रत्येक घरानं बांधले. चौथ्या दिवशी दाणे फुगले, आंबूस वास सुटला; पाचव्या दिवशी बुरशी धरली. मग तिनं लेकींना, नणंदांना, विहिणींना निरोप धाडले: कुणी ठेवलं असेल तर पसाभर द्या. सगळीकडून एकच उत्तर आलं. ‘आम्हाला वाटलं, माय, तुम्ही तरी ठेवलं असेल. तुम्ही शहाण्या.’

खायला दीड वर्ष पुरेल एवढं घरोघर होतं. पेरायला एक दाणा नव्हता.

पण जमीन काही कुणासाठी रिकामी राहत नाही. तिसऱ्या आठवड्यात शिवार हिरवंगार झालं. कुंदा, हराळी, तांदुळजा, पाथरी. तणाला कुणी शेकलं नव्हतं. सवयीनं बाया खुरपी घेऊन रानात उतरल्या. शीतल भाजीसाठी तांदुळज्याचे शेंडे खुडायला वाकली.

बांधावरून वैजंतामाय ओरडली, तशी ती थबकली.

‘‘खुडू नगंस, पोरी. आन् खुरपी खाली ठिवा गं समद्याजणी.’’ मग आवाज उतरला. ‘‘आधी बी धरू दे त्याला.’’