माईक चालू आहे

पुतणीनं काकूला शिकवलेल्या युक्त्या सोप्याच होत्या. खिडकीचं चिन्ह असलेली कळ आणि अधिकचं चिन्ह एकदम दाबलं की पडद्यावरचा मजकूर मोठा दिसतो. तीच कळ आणि एच दाबलं की माईक चालू होतो आणि आपण बोलू ते आपोआप टाइप होतं. "वेगळं काही आणावं लागत नाही, काकू. सगळं कॉम्प्युटरमध्येच असतं," पुतणी म्हणाली होती. जन्मभर टायपिस्ट म्हणून हाडं झिजवलेल्या काकूला आधी रागच आला. पण अंगठे ठणकायला लागल्यावर तिनं तो गिळला आणि घरी आलेली कामं बोलून टाइप करायला लागली.

कॉम्प्युटर नवऱ्याच्याच खोलीत होता. काम करताना पलंगाकडे पाठ व्हायची. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तो नुसता पडून असायचा. डोळे उघडे, नजर कुठंच नाही. आणि आज दुपारी दीर त्याला शुश्रूषागृहात हलवायला गाडी घेऊन येणार होता. तिला न विचारता सगळं ठरवून मोकळा. वर सख्ख्या भावाच्या उशाशी उभं राहून म्हणाला होता, "वहिनी, त्याच्यात दादा उरलेलाच नाही आता."

"उरलेला नाही म्हणे. हा कोण टिकोजीराव ठरवणार?" काकू पुटपुटली, आणि तेही इमानेइतबारे कुणाच्या तरी भाडेकरारात टाइप झालं. डोकं भणभणलं होतं. माईक तसाच चालू ठेवून ती पाणी प्यायला गेली.

परत आली तर खाली नवी ओळ होती.

लिहा बाई. मी इथेच आहे.

ती मटकन खुर्चीत बसली. नवरा वकील, ती त्याची टायपिस्ट. केबिनचं दार लावून मजकूर सांगताना तो आधी 'लिहा बाई' म्हणायचा. लग्नानंतरही केबिनमध्ये तेच. हे तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

तिनं वळून पाहिलं. त्याचे ओठ मिटलेले, कोरडे. तिनं खिडकी लावली, पंखा बंद केला, माईक बंद करून पुन्हा चालू केला. श्वास रोखून बसली.

लिहा बाई. मला सगळं ऐकू येतं.

तिला रडू फुटलं, आणि पाठोपाठ संताप आला. जिवंत माणसाला अडगळीसारखं उचलून टाकायला निघाले होते हे लोक.

दीर दोन माणसं आणि स्ट्रेचर घेऊन आला, तेव्हा ती पलंगाला आडवी उभी होती.

"भावजी, यांना हात लावायचा नाही. आधी ते वाचा."

त्यानं वाचलं. "वहिनी, हे तुम्हीच बोलला असाल."

"मग आता तोंड मिटून बघा. मीही मिटते."

सगळे गप्प राहिले. पडद्यावर अक्षरं उमटली.

लिहा बाई. धाकटा आला, बरं झालं.

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं माणसांना खूण केली. स्ट्रेचर आल्या वाटेनं गेलं, पाठोपाठ तोही.

"गेले एकदाचे," काकू म्हणाली. ती खुर्चीत बसली. जीव भांड्यात पडला होता. "अहो, इतके महिने का बोलला नाहीत?"

तिचा प्रश्न टाइप झाला.

मग खाली नवी ओळ आली.

लिहा बाई. पलंगावर कोण आहे?

ती वळली नाही.

त्याला न्यायला गाडी आली होती. परत का पाठवलीत?

खिडकीखाली गाडी सुरू झाली. आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू आला आणि संपला.

तिच्या पाठीमागे, पलंगावर, कुणीतरी सावकाश घसा साफ केला.