उजवा कौल

पुण्याच्या पृष्ठभौतिकी प्रयोगशाळेत डॉ. यामिनी केळुसकरने काळ्या पाषाणाच्या तुकड्यावर जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. समोर बसले होते दत्ताराम गावकर, कोकणातल्या वेळगण देवस्थानाचे मुख्य मानकरी.

“बोला काहीतरी,” ती म्हणाली.

“देवा महाराजा...” गावकरांनी सवयीने सूर लावला आणि उजवी पाकळी टपकन पडली.

“दगडावर आसंजन-पटल आहे, म्हणजे चिकटवून धरणारा पातळ थर. डोळ्यांना दिसत नाही. त्यातल्या विजेच्या दाबाने पाकळी धरून ठेवता येते, सोडताही येते. गाभाऱ्यातल्या ध्वनिग्राहकाने तुमचा आवाज ओळखला की उजवीकडची पकड सुटेल.”

गावकर खूश झाले. उजवा कौल म्हणजे देवाचा होकार. वेळगणात सोयरिकी, जमिनींचे वाद, कुणाला वाळीत टाकायचं, सगळं या पाकळ्यांवर ठरे. नवा वातानुकूलित गाभारा बांधला आणि पाकळ्या वाटेल तशा पडू लागल्या, ही त्यांची अडचण होती.

“पूर्वी काय करत होता?”

“उजवी पाकळी कमी भिजवायची, झालं! अहो, देव थोडाच बोलतो? कुणीतरी बोलायला हवं ना.” त्यांनी डोळे मिचकावले. “धुरी नावाचा एक मास्तर होता. पोरांना सांगायचा, दगडाला विचारू नका, स्वतःचं डोकं चालवा. देवानेच त्याला वाळीत टाकलं.”

यामिनीने चिमटा खाली ठेवला. तिच्या बापाच्या तिरडीला खांदा द्यायला गावात चार माणसं मिळाली नव्हती. आईने आणि मामाने हातगाडीवरून नेलं होतं त्याला. हातगाडीमागे चालणारी धुरी मास्तरांची चिमुरडी आता मामाचं आडनाव लावत होती; गावकरांना ती ओळखू येणं शक्य नव्हतं.

“गुरवाचा आवाजही चालवू?” तिने विचारलं.

“छे! गुरव उद्या फुटेल. फक्त माझा.”

“आणि गाऱ्हाणं?”

“मागणाऱ्याच्या शब्दांत, माझ्या तोंडून. शब्द बदलला तर कौल बाद. वेळगणची रीतच आहे ती.”

“मग काम होईल,” यामिनी म्हणाली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच मनापासून हसली.

वेळगणच्या मूर्तीवर पटल बसवून झालं आणि जत्रेच्या दिवशी ती नारळ घेऊन रांगेत उभी राहिली. आपली नोकरी जाईल हे तिला ठाऊक होतं. जाऊ दे!

“मी गुणाजी धुरी मास्तरांची मुलगी,” तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. “माझं गाऱ्हाणं ऐका. धुरी मास्तरांना वाळीत टाकणारा कौल मानकऱ्याने लबाडीने लावला होता. हे खरं असेल तर, देवा, उजवा दे.”

गावकरांच्या तोंडचं पाणी पळालं. “माझा घसा बसलाय. गुरव म्हणेल.”

“मघाशी बरो होतो घसो!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. “मानकऱ्यानंच म्हणूक होया!”

गावकरांनी सुरुवात केली, “देवा महाराजा, देवस्थान निर्दोष असेल तर...”

“शब्द बदललो!”

पाकळी पडली, पण कौल बाद झाला. गुरवाने पुन्हा पाकळ्या लावल्या. आता सुटका नव्हती. गावकरांनी आवाज चोरून, कुजबुजत तिचे शब्द उच्चारले. पण कुजबुज ओळखायलाही यामिनीने ध्वनिग्राहकाला मुद्दाम शिकवलं होतं. त्यासाठी ती कितीतरी रात्री जागली होती, आणि प्रत्येक रात्री तिला ती हातगाडी दिसली होती.

“होय महाराजा!” गर्दीने नेहमीसारखी साथ दिली आणि उजवी पाकळी पडली.

आपण कशाला होय म्हटलं, हे लोकांच्या हळूहळू लक्षात आलं.

“खोटं आहे!” गावकर किंचाळले. “यंत्र आहे ते! हिनेच बसवलंय, माझ्या आवाजावर...” आणि ते थांबले. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

यामिनीला त्यांची कीव आली नाही. कौल खरा म्हटला तर ते लबाड ठरत होते, खोटा म्हटला तरी लबाडच. हेच तर तिला त्यांच्याच तोंडून गावाला ऐकवायचं होतं.

पार्वती नावाची एक म्हातारी मुलाचा हात सोडून गर्दीतून पुढे आली. तिने देवाला हात जोडले नाहीत. ती गावकरांसमोर उभी राहिली.

“मगे माझ्या झिलाचा लगीन मोडलास, तो कौलसुद्धा तुझोच?”

गुरवाने एकवार गावकरांकडे पाहिलं. मग कुणी न सांगता त्याने दोन नव्या पाकळ्या भिजवून मूर्तीला लावल्या.

“नाही!” गावकर ओरडले.

उजवी पाकळी पडली.