केरबाच्या डाव्या खांद्यावर

लाईट गेली की तुमचा अभ्यास बंद, आणि अभ्यास बंद झाला की तुम्हाला चाचाची आठवण येते. बसा. मोबाईलची बॅटरी तेवढी बंद करा, किडे येतेत. आणि आधीच सांगतो, हे तुमच्या फिजिक्समध्ये बसणार न्हाई. बसवायला जाऊ नका. मधेच कुणी "चाचा, असं कसं होईल" म्हणलं, की मी उठलो आणि खाली गेलो.

तुम्ही ज्यांच्या मेसला जेवता, त्या केरबाचं आणि सरजाबाईचं सांगतो. अरे, घाबरता काय, ते दोघं चांगले जिवंत हायत. आज दुपारीच वरणात मीठ कमी म्हणून तुम्ही सरजामावशीपुढं तोंडं वाकडी केलीत.

दोन हजार तेराचा मे महिना. तवा मी काळीपिवळी जीप चालवायचो. परीक्षा झाल्या, पोरं गावोगावी गेली, लातूर सामसूम झालं आणि मेसला आठ दिवस कुलूप लागलं. केरबा आला न् म्हणला, "निजामभाऊ, नांदेडला सोडता का? विशाखापट्टणमची गाडी धरायची हाय. हिला समुद्र दाखवून आणतो." मी त्याच्याकडं बघतच राहिलो. हे दोघं कधी जिल्ह्याबाहेर गेलेले मी पाहिले नव्हते. नेऊन सोडलं. परत आणायलाही मीच गेलो. मधे काय झालं, ते केरबानं येताना अहमदपूरला चहाच्या टपरीवर सांगितलं. त्याच्या तोंडचं हाय, माझ्या पदरचं काही न्हाई. शेवटचं एवढं मात्र मी माझ्या डोळ्यानं पाहिलंय.

पण आधी मागचं सांगावं लागेल, त्याबिगर कळायचं न्हाई.

केरबा तरणा असताना गवंडीकामाला निजामाबादला असायचा. तेलुगू त्याला घरच्यासारखी येते. सरजाबाईला त्यातला एक शब्द कळत न्हाई. त्यांना एक पोरगी झाली. नाव ठेवलं महामाया, बोलायला माया. निजामाबादला कुणीतरी ह्याला समुद्राचं वर्णन करून सांगितलेलं. घरी येऊन बायकोला म्हणला, "माया पायावर चालू लागली की आपण तिघं जाऊ." त्र्याण्णव साली गणपती बुडाले, त्या रात्री तो गावीच होता. औसा तालुक्यात गाव. दगडाच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद. पहाटे चारच्या आत जमीन हलली. सरजाबाईनं म्हाताऱ्या सासूला धरलं आणि ओरडली, "लेकरू घ्या! लेकरू घ्या!" ह्यानं अंधारात चाचपलं. हाताला ऊबदार गाठोडं लागलं. छातीशी धरलं न् पळाला. बाहेर चांदणं होतं. उघडून बघतो, तर गोधडी. नुसती गोधडी. पोरीच्या अंगाची ऊब तेवढी राहिलेली तिच्यात. मागं वळला तवर माळवद खाली आलेलं.

सरजाबाईनं ती गोधडी बघितली आणि काही बोलली न्हाई. त्या रात्री न्हाई, नंतर वीस वर्षं न्हाई. केरबा मला म्हणला, "निजामभाऊ, शिवी दिली असती, थोबाडीत हाणली असती, तर मी सुटलो असतो." पुन्हा मूल झालं न्हाई. लातूरला आले, मेस काढली, लोकांची लेकरं जेवू घातली. बाई कुणाला रागावत न्हाई, पण हसत बी न्हाई. एक दिवस तरी ती मोकळी हसावी, म्हणून हा माणूस तिला समुद्रावर घेऊन गेला. बाकी काही मागणं नव्हतं त्याचं.

गुरुवार, सोळा मे. लॉजवर सामान टाकलं आणि सकाळीच दोघं समुद्रावर. आता गंमत ऐका. तो एवढा मोठा समुद्र बघून सरजाबाई पहिल्यांदा काय म्हणली असेल? "अहो, ह्यात मीठ घालायची गरज न्हाई म्हणतेत, खरं का?" आणि स्वतःच हसली. घोट्यापर्यंत पाण्यात गेली, मग गुडघ्यापर्यंत. लाट आली की पोरीसारखी किंचाळायची. केरबा वाळूत उभा राहून तिला बघत होता. तिथं एक बाई शेंगा विकत होती. ती तेलुगूत म्हणली, "ऊन लागून राहिलंय, डोक्यावर काहीतरी टाका की."

केरबानं आपल्या टोपीला हात लावला.

"तुमच्या न्हाई हो, लेकराच्या."

त्यानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. बाई त्याच्या डाव्या खांद्याकडं बघत होती, आणि लहान पोराकडं बघून हसतेत तसं हसत होती.

सरजाबाई ओली साडी पिळत आली. "काय म्हणत होती ती?"

"काय न्हाई. ऊन लई हाय म्हणली."

मग बसनं निघाले. तिथं शहराबाहेर समुद्राकाठच्या टेकडीवर जुना स्तूप हाय, भिक्खू राहायचे त्या जागा हायत. सरजाबाईला ते बघायचं होतंच. बस खच्चून भरलेली. कंडक्टरनं ह्याच्याकडं बघितलं आणि एका पोराला उठवलं. "लेकरू घेतलेल्या माणसाला जागा दे." पोरगं बी मुकाट उठलं. केरबा बसला. करतो काय? सरजाबाई खूश. "बघा, किती चांगली माणसं हायत इथली. न सांगता जागा दिली." ह्यानं मान हलवली. घाम फुटला होता, पण तिच्या तोंडावरचं ते हसू त्याला पुसायचं नव्हतं. सांगणार तरी काय? वीस वर्षं ज्या लेकराचं नाव घरात निघालं न्हाई, ते ह्या गर्दीत काढायचं?

टेकडीवर वारं सुटलेलं. खाली निळा समुद्र, वर विटांचा स्तूप. सरजाबाईनं हात जोडून बुद्धवंदना म्हणली. केरबानंही हात जोडायला वर घेतले... आणि डावा हात वर येईना. तवा त्याच्या ध्यानात आलं. सकाळपासून तो हात कोपरात वाकडाच होता, लेकराला आधार देतेत तसा. आणि खांद्यावर वजन होतं.

जवळच एक म्हातारी गवत काढून राहिली होती. ती म्हणली, "हात भरून आला असंल, बाबा. आईकडं दे जरा."

त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. म्हातारी पुन्हा म्हणली, "दे की. कवाची तिच्याकडंच बघून राहिलीय पोर."

तो तिथून जवळजवळ पळालाच.

...लाईट आली का? न्हाई? बरं.

संध्याकाळी दुसऱ्या एका टेकडीवर गेले. तिथं रोपवे हाय, तारेवर ट्रॉली चालते. केरबाला जायचं नव्हतं. सरजाबाईनंच हट्ट धरला. "आयुष्यात पुन्हा कवा येणार हाव?" बाईनं कधी काही मागितलं न्हाई, आणि आज मागितलं. न्हाई म्हणवलं न्हाई त्याला. खाली दार लावणारा माणूस होता. त्यानं दोघांना बसवलं. दार लावताना तेलुगूत म्हणला, "लेकराचा हात आत घ्या." आणि थांबला. केरबानं खांद्यावरचा तो... जे काही होतं ते आत ओढल्यासारखं केलं. मगच दार लागलं.

वर दिवे लागेपर्यंत बसले. गार वारं, खाली शहर चमचम करून राहिलेलं. परत उतरायला ट्रॉलीत बसले तवा रात्रीचे पावणेआठ झाले होते. ट्रॉलीत दोघंच. अर्ध्यात आले.

लाईट गेली.

ट्रॉली थांबली. टेकडीवरचे दिवे गेले. खाली काळं, वर काळं. मग वारं आलं. ट्रॉली हलली. एकदा हलली. थांबली. पुन्हा हलली, जोरात. पत्रा कडकडला.

आणि वास आला. समुद्राचा न्हाई. मातीचा. माळवदाच्या जुन्या मातीचा, धुरळ्याचा... त्याच्या नाकातोंडात गेला.

कानापाशी कुणीतरी खोकलं. बारीक. लहान.

सरजाबाई ओरडली, "लेकरू घ्या! अहो, लेकरू घ्या!"

तेच शब्द. तोच आवाज, वीस वर्षांपूर्वीचा.

केरबा मला म्हणला, "निजामभाऊ, मला कळत होतं. ट्रॉली हाय, घर न्हाई. पण मी डोळे मिटले. उजवा हात वर नेला. खांद्यावर."

"मग?"

"...गोधडी नव्हती."

एवढंच बोलला.

त्यानं ते खांद्यावरून उचललं. दोन्ही हातांनी. अंधारात पुढं केलं. म्हणला, "घे. सरजे, घे. आणलंय."

तिचे हात पुढं आले. हाताला हात लागले. वजन गेलं. खाडकन गेलं. त्याचा हात सरळ झाला.

सरजाबाईनं हात छातीशी घेतले. श्वास घेत होती नुसता. मग लई वेळानं, अगदी हळू म्हणली...

"जड झालीय हो."

लाईट आली. ट्रॉली चालू लागली. केरबानं खाली मान घातली होती. तिच्याकडं बघायची त्याची छाती झाली न्हाई. थपथप आवाज तेवढा येत होता. पाठीवर थोपटतेत तसा.

खाली तोच माणूस होता. त्यानं दार उघडलं. केरबा उतरला. त्या माणसानं त्याच्या खांद्याकडं बघितलं, आणि त्याचं तोंडच बदललं. "लेकरू? लेकरू कुठंय?" ओरडला तो. शिट्टी फुंकली. दोघं-तिघं धावत आले. तारेखालच्या झाडीत बॅटऱ्या मारू लागले. पोर पडली, पोर पडली... लोक गोळा झाले. शेवटी केरबानं त्या माणसाचा हात धरला आणि तेलुगूत सांगितलं, "पडली न्हाई. तिच्या आईपाशी हाय."

त्या माणसानं बॅटरी ट्रॉलीत मारली. सरजाबाई अजून आत बसलेली. हात छातीशी. तो बघत राहिला. मग त्यानं बॅटरी विझवली, बाजूला झाला, आणि तिला उतरायला वाट दिली.

काय बघितलं त्यानं, खुदा जाने.

हे सगळं केरबा मला अहमदपूरच्या टपरीवर सांगून राहिला होता. रात्र झालेली. मी म्हणलं, यार, दिवसभराचं ऊन, गर्दी, बाईमाणूस घाबरलं, तू बी घाबरलास. होतं असं. तो चहा नुसता हातात धरून बसला होता. मग म्हणला, "रात्री लॉजवर ती माझ्याशी बोलली. त्या रात्रीचं. पहिल्यांदा. अंधार होता म्हणली, कुणालाबी तेच हाताला लागलं असतं." आणि रडू लागला. टपरीवरच. एवढा बाप्या माणूस.

सरजाबाई जीपमध्येच बसलेली होती, मागच्या सीटवर. मी तिच्यासाठी चहा घेऊन गेलो. टपरीच्या ट्यूबचा उजेड थेट तिच्यावर पडलेला. अंगावर पांढरी साडी. धुतलेली, स्वच्छ. तिच्या खांद्यावर...

काजळ होतं.

बारीक बोटाएवढा डाग. ओला. लहान लेकराच्या कपाळाला आपण तीट लावतो, आणि झोपेत ते आईच्या खांद्यावर तोंड घासतं, तसा पसरलेला. सरजाबाई काजळ लावत न्हाई. आणि ह्या दोघांच्या घरात कोण लावणार?

मी बघतोय हे तिनं पाहिलं. पदर ओढून खांदा झाकला, वारं लागू नये म्हणून झाकतेत तसा. आणि मला म्हणली, "भाईजान, जरा हळू चालवा."

मी केरबाला हाक मारली. गाडी सुरू केली.

अहमदपूर ते लातूर. ट्रक आले, ट्रॅक्टर आडवे आले, एक म्हैस रस्त्यात बसलेली... मी एकदा बी हॉर्न वाजवला न्हाई.