तंबूतलं सील

"आक्का, काल माझी वाकळ दिली, तरी धापतंयच बघ," म्हणत शामू तंबूच्या फटीतून आत सरकला. त्याची मोठी बहीण सत्यवती मागोमाग गेली.

१९३६ सालची मे महिन्याची सुट्टी होती. बर्फाच्या समुद्रातलं सील बघायला अख्खं शहापूर गोऱ्या पलटणीच्या कॅम्पच्या मैदानावर लोटलं होतं. पाण्यात बुडी मारली की ते दिसायचं नाही, म्हणून खेळाच्या मालकानं त्याला हौदावरच्या फळीवर निजवलं होतं. धापेनं त्याचं अंग हलायचं. राखणदार यमनाप्पाला वाटलं, हुडहुडी भरलीय. ते ऐकून शामूनं घरून आपली वाकळ आणून दिली होती.

सत्यवतीनं वाकळीखाली हात घातला. पाठ फारशी गरम नव्हती. पुढचा वल्ह्यासारखा पाय मात्र चुलीजवळच्या तांब्यासारखा तापला होता.

तिला शाळेत शिकलेलं आठवलं. बर्फगार पाण्यात सील जगतं ते कातडीखालच्या चरबीच्या जाड थरामुळं. तो थर आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. मग या उकाड्यात ती ऊब जाणार कुठून? चरबी नसलेल्या पायांतूनच. आणि तेच वाकळीत गुंडाळलेले!

"शामू, त्येला थंडी न्हाय. ते आतनं भाजतंय."

शामूचा चेहरा उतरला. मालकाला सांगावं, तर तो हाकलून देणार. शामू बाहेर पळाला आणि फाटकाशी कर्नलसाहेबाची मडम आलीय, असं त्यानं मालकाला सांगितलं. मालक कोट चढवत धावला. इकडं सत्यवतीनं वाकळ ओढून काढली आणि यमनाप्पाला कारण सांगितलं. ते ऐकून त्यानंच फळी तिरकी केली. सील पाण्यात घसरलं आणि पाय पसरून तरंगू लागलं.

मालक ओरडत परतला. सील बघायला आलेले गुरांचे डॉक्टर ओरडा ऐकून आत आले. सीलच्या पायाला हात लावताच त्यांनी मालकाला गप्प बसवलं आणि बर्फ मागवला.

बर्फ आला. पण दिवस मावळायच्या आत सीलचा श्वास थांबला.

मोठ्यांना सुचलं नाही ते या पोरांनी ओळखलं, असं म्हणत डॉक्टरांनी सगळ्यांसमोर दोघांची पाठ थोपटली. पुन्हा असलं जनावर इथं आणू देणार नाही, असं मालकाला बजावलं.

शामूनं विचारलं, "डॉक्टर, मी वाकळ दिली नसती तर?"

डॉक्टर त्याच्यासमोर उकिडवे बसले. "फळीवर ते वाचणार नव्हतंच, बाळा. कदाचित एखादा दिवस जास्त जगलं असतं."

शहापूरची वाट निम्मी सरल्यावर शामू बोलला.

"एक दिवस, आक्का."

"व्हय," सत्यवती म्हणाली.