उसने फटके

आईचा तळहात वर्तमानपत्रावर होता, आणि काही केल्या तो तिथून हलत नव्हता!

शनिवारचा अकराचा चहा. खडीसाखरेवर कढत चहा ओतला की खडा तडकल्याचा बारीकसा आवाज व्हायचा, आणि टीडेमानांच्या घरातला सुट्टीचा दिवस त्या आवाजाने सुरू व्हायचा. आज मात्र बाबा काही ऐकू न आल्यासारखे खिडकीतून समुद्राच्या बांधाकडे बघत बसले होते, आणि आई डाव्या हाताने कपांच्या कडेने साय सोडत होती; उजवा हात तसाच, कागदावर दाबलेला.

डोर्टे मात्र आनंदात होती. गेले पाच महिने ती आनंदातच होती. ती हसत म्हणाली, "आई, हात काढ ना. खेळाचं पान हवंय मला. हॅम्बुर्गच्या टेनिस स्पर्धेतल्या जोड्या आज छापून येणार होत्या."

"नंतर बघ. चहा निवतोय."

तेव्हा एकतीस वर्षांच्या त्या मुलीने आईचा हात अलगद उचलला, बाजूला ठेवला आणि पान उघडले. महिला दुहेरी. बोट यादीवरून खाली सरकत गेले आणि एका ओळीवर थांबले. वीबके टीडेमान आणि मिलेना ह्रुबा.

तिने ती ओळ पुन्हा वाचली... आणखी एकदा वाचली. वीबके तिची धाकटी बहीण, जगात तेविसावी. मिलेना प्रागची. आणि डोर्टे टीडेमान? ती कुठेच नव्हती.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हताच.

मग सगळे हळूहळू बाहेर आले. गुरुवारी वीबकेचा फोन आला होता. डोर्टेला तूच सांग, माझ्याने होणार नाही, असे ती म्हणाली होती. आईने होकार दिला होता. पण डोर्टे तेव्हा अंगणात स्वतःच्या बुटांना पांढरा रंग लावत गुणगुणत होती, आणि आईचा धीरच झाला नाही. काल वीबकेने पुन्हा फोन करून विचारले, तेव्हा आईने सांगून टाकले होते, की डोर्टेला कळले आहे आणि तिने मनाला लावून घेतलेले नाही!

"मला वाटलं, तू समजून घेशील," आई म्हणाली. "तू तर नेहमीच समजून घेतेस."

नेहमीच! त्या एका शब्दावर ह्या घराने तिचे अख्खे तारुण्य खर्ची घातले होते. डोर्टेने भांडण केले नाही. तिने फक्त पहिल्याच कपात चमचा उभा करून ठेवला. तीन कप झाल्याशिवाय उठायचे नाही, ही तिथली रीत; त्याआधीच कपात चमचा ठेवून, आता पुरे, असे म्हणून उठणारा माणूस त्या घरात आजवर एकच झाला होता, बाबांशी कायमचा भांडून गेलेला त्यांचा भाऊ. बाबांनी चमच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

सायकल काढून ती बांधावरून क्लबाकडे निघाली. समुद्रावरचा वारा समोरून येत होता, त्यामुळे डोळ्यांतले पाणी कशाचे हे कुणाला सांगावे लागले नसते.

सोळाव्या वर्षी तिला राज्याच्या प्रशिक्षण केंद्रात जागा मिळाली होती. त्याच वसंतात क्लबाच्या कोर्टावर रूळ फिरवताना बाबांचा खुबा मोडला. कोर्टांची निगा हेच त्यांचे काम, आणि ते चार महिने अंथरुणावर! घरात एक तरी धडधाकट माणूस हवे होते. आणि अकरा वर्षांच्या वीबकेला रोज सरावाला नेणारे कुणीतरी हवे होते, कारण क्लबात शिकवणारे गुरुजी म्हणत होते, की थोरली चांगली आहे, पण धाकटी अलौकिक आहे. केंद्राला नकाराचे पत्र डोर्टेने स्वतःच्या हाताने लिहिले. त्या दिवशी वीबके तिच्या गळ्यात पडून रडली होती आणि म्हणाली होती, की एक दिवस मोठ्या स्पर्धेत आपण दोघी एका बाजूला खेळू, फलकावर दोघींची नावे शेजारी शेजारी असतील. लहान पोरीचे बोलणे... पण डोर्टेने ते जपून ठेवले.

त्या दिवसापासून डोर्टे दुसऱ्यांसारखी खेळू लागली. वीबकेची पुढची लढत जिच्याशी, तिच्यासारखे खेळायचे, हे तिचे काम झाले. चित्रफिती लावून ती तासन् तास बघे. कुणाचा उंच उसळणारा फोरहँड, कुणाची खांद्यावरून तिरपी येणारी सर्व्हिस, कुणाचे पाय आपटणे, सगळे अंगात मुरवून घेई आणि दुसऱ्या दिवशी जाळीपलीकडे तीच होऊन उभी राही. एका डावखुऱ्या मुलीसाठी ती सहा आठवडे डाव्या हाताने सूपदेखील प्यायली होती! वीबके ती लढत जिंकली. वर्तमानपत्रांत फोटो यायचे, त्यांत डोर्टे कधी चेंडूंची टोपली घेऊन कडेला, कधी अर्धी कापलेली. पंधरा वर्षे अशी गेली, आणि तिने कधी ब्र काढला नाही.

आणि मग नोव्हेंबरात वीबके म्हणाली होती, "हॅम्बुर्गला दुहेरीत आयोजक मला एक जागा देतायत. जोडीदार मी निवडायची. ह्या हिवाळ्यात आपण दोघी दुहेरीचा सराव करू या."

ह्या हिवाळ्यात! बंदिस्त कोर्टात किती पहाटा त्यांनी शेजारी शेजारी घालवल्या होत्या... वीबके सांगायची, सर्व्हिस केलीस की तिथंच थांबू नकोस, सरळ जाळीवर धाव. डावीकडचा चेंडू माझ्यावर सोड. हातानं अशी खूण कर. डोर्टेला जाळीवर धावायची सवय नव्हती, तिचा जन्म मागच्या रेषेवर गेलेला. पण बहीण म्हणते म्हणून ती धावली, गुडघे सोलून घेतले, नव्या खुणा शिकली.

बांधाच्या वळणावर डोर्टेने करकचून ब्रेक दाबला.

सर्व्हिस करून जाळीवर धावते, ती मिलेना. पाठीमागे बोटांनी खूण करते, ती मिलेना. डावीकडचा चेंडू जोडीदारावर सोडते, तीही मिलेनाच! डोर्टेने तिच्या चित्रफिती दहा वेळा पाहिल्या होत्या आणि तिला हे दिसले नव्हते. म्हणजे बहिणीच्या शेजारीसुद्धा ती डोर्टे म्हणून उभी नव्हतीच. वीबके पाच महिने मिलेनाबरोबर सराव करत होती, आणि मिलेनाची जागा भरायला ही वेडी आपली आनंदाने नाचत होती! मोडलेले वचन एकवेळ माणूस गिळतो, पण हे... हे तिने कसे गिळायचे?

क्लबात निम्मे गाव जमले होते. थंडीने फुगलेली कोर्टे उकरून नवी लाल माती घालायचा दिवस होता तो. ज्याने त्याने आपल्या वाट्याचे तास भरायचे, असा तिथला रिवाज. हॅम्बुर्गला न्यायला क्लबाने बस ठरवली होती, दोघी बहिणींना एका बाजूने खेळताना बघायला चाळीस जण निघणार होते. डोर्टे आली तशा गप्पा थांबल्या. क्लबाचे अध्यक्ष फोको काका फावडे टेकवून म्हणाले, "छापण्यात चूक झाली असेल गं. गेल्या वर्षी त्यांनी मला मेलेला छापला होता. बायकोला तीन दिवस सांत्वनाचे केक येत होते."

कुणी हसले नाही. डोर्टेने हातगाडी उचलली आणि माती ओढायला लागली. दुपारपर्यंत ती थांबली नाही.

दोनच्या सुमारास फाटकाशी गाडी थांबली आणि वीबके उतरली. खांद्यावर रॅकेटांची पिशवी, चेहऱ्यावर निर्धास्त हसू. तिच्या दृष्टीने सगळे मिटलेले होते. आईने तसे सांगितले होते ना!

"मनाला लावून घेतलं नाहीस, बरं वाटलं गं," ती जवळ येत म्हणाली. "मला झोप नव्हती लागत."

"मला आज अकरा वाजता कळलं," डोर्टे म्हणाली. "वर्तमानपत्रातून."

वीबकेचा चेहरा उतरला. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिले. सगळे एकदम मातीकडे बघू लागले.

"हिवाळाभर कुणाबरोबर खेळत होतीस तू?" डोर्टेने विचारले. "खरं सांग. माझ्याबरोबर?"

वीबके खोटे बोलली नाही, एवढे तिच्या बाजूने म्हणायला हवे.

"नाही," ती म्हणाली. "मिलेनानं ऑक्टोबरातच हो म्हटलं होतं. ती एप्रिलपर्यंत तिकडं, मी इकडं... सरावाला कुणीतरी हवं होतं. तुला आधी सांगितलं असतं तर तू इतकी छान खेळली नसतीस." तिने पिशवी खाली ठेवली. "माझा गुडघा गेलाय, डोर्टे. दोन वर्षं उरलीत, फार तर. मला एकदा तरी काहीतरी मोठं जिंकायचंय. तुझ्याबरोबर मी पहिल्याच फेरीत हरले असते."

"तेवढं तोंडावर म्हणाली असतीस, तरी मी हो म्हटलं असतं."

"माहितीये. म्हणूनच सांगवलं नाही."

आणि ह्यानंतरही, बघा माणसाची सवय कशी असते, वीबकेने चाचरत विचारले, की मंगळवारी एकेरीत समोर अर्जेंटिनाची डावखुरी आहे, आत्ता तासभर तिच्यासारखी खेळशील का? फोको काकांच्या हातून फावडे खाली पडले.

डोर्टेने हातमोजे काढले. "खेळते," ती म्हणाली. "पण आज मी कुणाचीही नक्कल करणार नाही. डोर्टे टीडेमान म्हणून खेळेन. बघू दे मला, माझ्याबरोबर तू खरंच पहिल्या फेरीत हरली असतीस का."

पहिले कोर्ट तेवढे तयार होते, माती अजून ओलसर. दोघी उभ्या राहिल्या. कामे थांबली. चेंडू आला आणि डोर्टेने फोरहँड मारला. सुंदर गेला तो, उंच उसळून... पण तो बार्सिलोनाच्या एका मुलीचा होता. पुढचा मारला, तो मॉस्कोच्या कुणाचा तरी. सर्व्हिस केली, तर खांदा आपोआप तिरपा झाला. पाय उचलला, तर तो दुसऱ्याच कुणाच्या ठेक्यावर आपटला. ती थांबली. रॅकेट घट्ट धरली, डोळे मिटले, सोळा वर्षांची ती मुलगी आठवू लागली जी आपल्या जिवावर केंद्रात निवडली गेली होती... आणि पुन्हा मारला. प्राग! पुन्हा मिलेनाच!

अंगभर दुसऱ्यांचे फटके, आणि स्वतःचा एकही नाही. जागा गेली, वर्षे गेली, नाव गेले, हे तिने सोसले होते. पण आपला खेळच आपल्या हातात राहिलेला नाही, हे तिला आज, सगळ्या गावासमोर कळत होते. डोर्टे त्या ओल्या मातीत मटकन बसली, आणि इतक्या वर्षांत कुणी पाहिली नव्हती तशी, हुंदके देऊन रडू लागली.

"माझा फटका कुठं गेला गं?" ती म्हणाली. "मला आठवतच नाहीये."

वीबके जाळी ओलांडून आली. गुडघा दुखत असतानाही तिच्यासमोर मातीत टेकली. ती फार हळू बोलली.

"माझ्याकडे आहे."

डोर्टेने वर पाहिले.

"माझा बॅकहँड. सगळे विचारतात, कुणी शिकवला. मी गुरुजींचं नाव सांगते." वीबकेच्या गालांवरून धारा लागल्या होत्या. "मी नऊ वर्षांची होते. तू इथं एकटी भिंतीवर खेळायचीस आणि मी कुंपणामागून बघायचे. घरी जाऊन आरशासमोर तसाच हात फिरवायचे. तुझा आहे तो. तू पत्र लिहिलंस त्याच्याही आधी मी तो घेतला होता, आणि कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच."

तिने उठून हात फिरवला, चेंडूशिवाय, सावकाश; खांदा आधी, मग मनगट, मग शेवटी तो लहानसा थांबा. डोर्टे बघत राहिली. पंधरा वर्षे ती हा फटका पलीकडून झेलत होती, पण कधी ह्या नजरेने पाहिला नव्हता. मग ती उठली आणि बहिणीच्या शेजारी उभी राहून, जन्मभराच्या सरावाने, तिची नक्कल करू लागली. पहिल्यांदा अडखळली. दुसऱ्यांदा जवळ आली. तिसऱ्यांदा कुठलेसे कुलूप निघावे तसा हात मोकळा फिरला, आणि फोको काकांनी टोपी काढून तोंड पुसले. सोळा वर्षांच्या त्या मुलीला त्यांनी पूर्वी पाहिलेले होते.

"मंगळवारी मी हॅम्बुर्गला येणार नाही," डोर्टे म्हणाली. आवाज ओला होता, पण ठाम होता. "ह्यापुढं कधीच नाही. दुसरी कुणी शोध. आणि तू जे केलंस, ते मी इतक्यात विसरणार नाही. समजून घेणं वगैरे संपलं आता."

"नको विसरूस," वीबके म्हणाली. ती गेली नाही. चेंडूंची टोपली तिने स्वतः उचलली, लंगडत पलीकडच्या रेषेवर नेली आणि ओल्या मातीत वाकून उभी राहिली, जशी आजवर कुणासाठी राहिली नव्हती.

"आज तुझा सराव," ती ओरडली. "सांग, कुणासारखी खेळू?"

डोर्टेने डोळे पुसले. गालावर लाल माती लागली.

"माझ्यासारखी," ती म्हणाली.