मानवलेली जागा

ओविदिओ होता तोवर कुठं फिरायला जायचं ते तोच ठरवायचा, आणि सगळं जग जिथं जातं नेमका तिथंच जायचा. त्याची बायको कासिल्दा पिशव्या सांभाळत, लोकांचे धक्के खात त्याच्यामागून चालायची. तो वारल्यावर पहिल्यांदाच ती तारिहा या आपल्या शहरातून एकटी निघाली, स्वतःच्या पसंतीच्या जागी. उयुनीचं मिठाचं पठार. पावसाळ्यात त्यावर बोटभर पाणी साचतं आणि अख्खं आभाळ खाली उतरतं.

पण जीप थांबली तिथं जत्राच भरली होती. लोकरीच्या टोप्या, दुप्पट भावाचं सूप, कर्ण्यावरची गाणी.

"तेओदोसियो, मला इथं नको. कुणी जात नाही अशा ठिकाणी ने."

म्हातारा ड्रायव्हर गालातला कोकाचा पाला घोळवत राहिला. "कुणी जात नाही, त्याला कारण असतं, ताई."

"माणसांना विटलेय मी."

"म्हणूनच नको म्हणतो. एकट्या माणसाला ती जागा फार मानवते."

ती हटूनच बसली. शेवटी त्यानं गाडी वळवली. कलकलाट मागं पडला, मग डोंगर विरघळले, आणि चहूकडं नुसतं पांढरं उरलं. तेओदोसियोनं बाटलीतली थोडी दारू धरतीमातेला शिंपडली.

"इंजिन चालूच ठेवतो. आवाज ऐकू येईल तेवढंच जा."

कासिल्दा चालू लागली. भर दुपारचं ऊन, पण त्याला ऊब नव्हती. वारा पडलेला. हवेला ओल्या मिठाचा वास. वरचं आभाळ कुठं संपतं आणि खालचं कुठं सुरू होतं, काही कळत नव्हतं. हीच आपली जागा, असं तिला वाटलं, आणि डोळे भरून आले. इंजिनाचा आवाज केव्हा ऐकू येईनासा झाला, ते ध्यानातच आलं नाही.

मागं पाणी चुबुकलं. तिचे पाय तर जागच्या जागी होते...

तिनं खाली पाहिलं. पाण्यात तिचं प्रतिबिंब होतं. त्याला खेटून आणखी एका बाईचं. पलीकडं टोपी हातात धरलेला पुरुष. त्याच्यामागं आणखी कुणी, आणखी कुणी... बसची वाट पाहावी तसे सगळे मुकाट उभे. तिनं मान वर केली. दूरवर चिटपाखरू नव्हतं. पुन्हा खाली पाहिलं, तर शेजारची बाई जराशी सरकली. तिच्यासाठी जागा केली.

भीती वाटायला हवी होती. पण ओविदिओ गेल्यापासून तिच्यासाठी कुणी सरकलं नव्हतं. तिनं पाऊल उचललं...

कुणीतरी दंड धरून तिला मागं खेचलं. तेओदोसियो धापा टाकत होता. "केव्हाच्या हाका मारतोय! कानात बोळे घातलेत का?"

"हे... कोण आहेत सगळे?"

"मला नाही दिसत, ताई." त्यानं खाली पाहणं टाळलं. "माझं घर माणसांनी भरलंय."

त्यानं तिला जीपमध्ये बसवलं आणि गाडी परत वळवली. जत्रेतला गोंगाट कानावर पडला तेव्हा कासिल्दाला हायसं वाटलं. मागतील त्या भावानं तिनं टोपी घेतली, सूप प्यायलं, धक्के खाल्ले. एक फोटोवाली पुढं आली.

"काढू का फोटो, मावशी?"

"काढ, बाई."

फोटोवालीनं कॅमेरा डोळ्याला लावला. दोन पावलं मागं गेली. मग आणखी मागं. मग आणखी.

"जरा जवळजवळ उभे राहा ना सगळे," ती ओरडून म्हणाली. "कडेचे मावत नाहीयेत."

कासिल्दा एकटीच उभी होती. तिनं खाली पाहिलं नाही.